माणगाव ते मोन्तोने

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाणाऱ्या माणसाला माणगाव वेगळं सांगावं लागत नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी, मे महिन्यात किंवा कुठल्याही जोडून आलेल्या सुट्टीला तिथे गाडी अडकते म्हणजे अडकतेच. समोरच्या एसटीची पाठ बघत, शेंगदाणे खात लोक तासभर काढतात. याच माणगावात तहसील कचेरीसमोर एका सैनिकाचा पुतळा आहे. मी वीस-बावीस वर्षं त्या गावातून जात आलोय. पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा, त्यांना दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इतकं कधीतरी वाचलं होतं. ते कुठे लढले, कुणाशी लढले, हा प्रश्न कधी पडला नाही. आपल्याला दिवेआगर नाहीतर हरिहरेश्वर गाठायचं असतं.

गेल्या जुलैत आम्ही दोघं इटलीच्या उंब्रिया प्रांतात आठवडाभर राहिलो. आपल्याकडे कृषी पर्यटन म्हणतात तसलाच प्रकार: शेतावरचं दगडी घर, ऑलिव्हची झाडं, सकाळी मालकीणबाईंच्या हातचा मुरांबा. असिसी बघायचं, एक-दोन डोंगरमाथ्यावरची गावं बघायची, उरलेला वेळ झाडाखाली पुस्तक घेऊन पडायचं, असा बेत होता. त्यातलंच एक गाव मोन्तोने. टायबर नदीच्या खोऱ्यावर उंच बसलेलं, तटबंदीतलं, अरुंद चढत्या गल्ल्यांचं. त्या गावात माणगावच्या पुतळ्याचं नाव भेटलं. मोन्तोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या इतिहासप्रेमींनी पुढाकार घेऊन २०२३च्या जुलैमध्ये तिथे यशवंत घाडगे यांचं स्मारक उभारलं आहे. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि त्याचं बोधवाक्य लॅटिनमध्ये आहे. त्याचा अर्थ: आपण सारे एकाच सूर्याखाली.

त्यानंतर आमच्या सुट्टीचा बेत बदलला.

*

टायबर नदी आपल्याला माहीत असते ती रोममधली. तिचं वरचं खोरं वेगळं आहे. पेरुजाच्या उत्तरेला उंबेर्तिदे, चित्ता दी कास्तेल्लो, सानसेपोल्क्रो अशी गावं नदीच्या काठाने एकामागून एक लागतात. तळात सपाट, सुपीक जमीन. तिथे पिढ्यान् पिढ्या तंबाखू पिकते, त्यामुळे निपाणीकडच्या माणसाला ओळखीचं वाटावं. दोन्ही अंगांना टेकड्यांच्या रांगा, ओकची दाट झाडी आणि खोऱ्यावर नजर ठेवून असलेली गावं. पर्यटक म्हणून आपण म्हणतो, काय सुंदर दृश्य दिसतं इथून. १९४४ साली तोफखान्याचा अधिकारीही हेच म्हणत असणार, पण वेगळ्या अर्थाने. खोऱ्यातून चालणारं प्रत्येक वाहन, रस्त्यावर उडणारी धूळसुद्धा वरून दिसते.

४ जून १९४४ रोजी रोम दोस्तांच्या हाती आलं, २० जूनला पेरुजा. जर्मन सेनापती केसेलरिंगला इटली सोडायची नव्हती. उत्तरेला अपेनाइन पर्वतात 'गॉथिक लाइन' नावाची संरक्षणफळी बांधायचं काम चालू होतं आणि ती पुरी होईपर्यंत वेळ हवा होता. म्हणून एक टेकडी धरायची, हल्ला करणाऱ्यांना दोन-चार दिवस अडवायचं, त्यांची माणसं मारायची आणि मागच्या टेकडीवर सरकायचं, अशी त्यांची पद्धत. अशा लढाईला पानिपतासारखं एक ठळक नाव मिळत नाही. पण गडांच्या मुलखातल्या माणसाला ती समजायला अवघड नाही.

टायबरच्या वरच्या खोऱ्यात हे काम भारतीय सैन्याच्या चौथ्या आणि दहाव्या डिव्हिजनकडे होतं. दहाव्या डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती. हीच बटालियन १९४१ साली एरिट्रियात केरेनला इटालियन सैन्याविरुद्ध लढली होती. तेव्हा तिचे प्रमुख असलेले डेनिस रीड आता दहाव्या डिव्हिजनचे सेनापती होते, आणि मधल्या काळात ते इटलीत युद्धकैदी राहून निसटलेही होते. १९४३च्या सप्टेंबरात इटलीने शरणागती पत्करून बाजू बदलली. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्याशी लढलो, त्यांचीच गावं सोडवायला आता पलटण आली होती.

१० जुलै १९४४ रोजी या खोऱ्यात यशवंत घाडगे यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे घाडगे. ते थेट मशीनगनच्या मोर्चावर धावले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा निकामी केला, मग टॉमीगनने एकाला टिपलं. गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी बंदुकीची नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात ते पडले. वय बावीस. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा.

ही हकीकत शौर्यपदकाच्या मानपत्रात काही ओळींत आहे. तिथे बसून ती फोनवर वाचली तेव्हा माझी छाती फुगायला हवी होती आणि ती थोडी फुगलीही. पण दुसऱ्यांदा वाचताना 'उरलेल्या दोघांना' या शब्दांपाशी थांबलो. मानपत्राला त्या दोघांशी कर्तव्य नसतं आणि नसावंही. लढाईच्या जागी उभं राहून वाचणाऱ्याचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. इटलीच्या या भागात पडलेल्या तीस हजारांहून अधिक जर्मन सैनिकांची दफनभूमी फुता खिंडीत आहे. हाताच्या अंतरावर माणूस मारावा लागणं हेही त्या शौर्याचंच अंग आहे. पुतळ्यात ते दिसत नाही.

*

साहजिकच पुढचा प्रश्न, त्यांची समाधी कुठे आहे? ती नाही. रोमच्या आग्नेयेला कासीनो इथे युद्ध-दफनभूमीत एक स्मारक आहे. इटलीच्या मोहिमेत पडलेल्या, पण ज्यांची कबर किंवा अंतिम ठिकाण नोंदलेलं नाही, अशा राष्ट्रकुल देशांच्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथे कोरली आहेत. त्यातलं एक यशवंत घाडगे यांचं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या माणसाचीही ही गत असेल, तर साध्या शिपायांचं काय, हे सांगायला नको.

इटलीच्या ग्रामीण भागातून फिरताना राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या दफनभूमी जागोजागी लागतात. एकसारखे पांढरे दगड, कापलेली हिरवळ, दारापाशी भिंतीतल्या कपाटात नावांची वही. पहिल्या महायुद्धानंतर या संस्थेने तत्त्व घालून दिलं की हुद्दा, वंश, धर्म काहीही असो, प्रत्येक मृताचं स्मरण सारख्याच सन्मानाने व्हावं. त्या महायुद्धात आफ्रिका आणि आशियातल्या सैनिकांच्या बाबतीत ते अनेकदा पाळलं गेलं नाही, हे आयोगाने २०२१च्या अहवालात स्वतःच कबूल केलं. इटलीतली स्थिती त्या मानाने पुष्कळ बरी आहे. पण इथे आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे आपले अंत्यसंस्कार.

हिंदू आणि शीख सैनिकांना दहन दिलं जाई. मुसलमान आणि ख्रिस्ती सैनिकांच्या कबरी राहिल्या, दहन झालेल्यांचं जमिनीवर काही उरलं नाही. त्यांच्या नावांसाठी इटलीत तीन ठिकाणी दहन-स्मारकं बांधली गेली: सांग्रो नदीजवळ, रिमिनीच्या गुरखा दफनभूमीत आणि फोर्लीला. म्हणजे एखादा प्रवासी गाडी थांबवून दफनभूमीतून फेरी मारेल, रांगा बघून हळवा होईल, आणि मराठा पलटणीतली माणसं त्याला त्या रांगांत फारशी दिसणारच नाहीत. ती एका भिंतीवर आहेत. भिंतीपाशी जाऊन नावं वाचायची सवय असेल तरच ती भेटतात.

इटलीत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. सुमारे पन्नास हजार माणसं होती. मृतांचा आकडा ५,७८२ दिला जातो. या मोहिमेत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीय सैन्यातल्या जवानांना. सहापैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे.

*

मोन्तोनेच्या पायथ्याशी उंबेर्तिदे आहे. आम्ही तिथे रोज ब्रेड आणि भाजी घ्यायला जात होतो. २५ एप्रिल १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी टायबरवरचा पूल पाडायला बॉम्ब टाकले. ते पुलाऐवजी शेजारच्या वस्तीवर पडले आणि सत्तरच्या आसपास नागरिक मेले. दोन महिन्यांनी, २८ जूनला, माघार घेणाऱ्या जर्मनांनी जवळच्या पेनेतोला नावाच्या शेतघरात बारा जणांना मारलं, त्यात मुलंही होती. आम्ही राहत होतो तसंच ते शेतावरचं घर. पुढच्या वर्षापासून २५ एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन झाला. देश ज्या तारखेला सण साजरा करतो, त्याच तारखेला या गावात सुतकही असतं. सोडवणारे आणि बॉम्ब टाकणारे एकाच बाजूचे होते, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

उंबेर्तिदेहून उत्तरेला तासाभराच्या आत सानसेपोल्क्रो. तिथे पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं 'पुनरुत्थान' हे भित्तिचित्र आहे. १९४४ साली गावावर तोफा डागायचा हुकूम मिळालेल्या अँथनी क्लार्क या ब्रिटिश अधिकाऱ्याला मध्येच आठवलं की अल्डस हक्स्लेच्या निबंधात जगातलं सर्वश्रेष्ठ चित्र म्हणून ज्याचं वर्णन आहे ते इथेच. त्याने मारा थांबवला. चित्र वाचलं, जर्मन निघून गेलेलेच होते, आणि आज गावात क्लार्कच्या नावाचा रस्ता आहे. निबंधाने एक गाव वाचवलं, ही गोष्ट लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाला भुरळ घालते. मलाही घातली.

पण याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट तितकी सांगितली जात नाही. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला मोन्तेगुफोनी नावाचा जुना वाडा आहे. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवायला फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतली चित्रं तिथे आणून ठेवली होती. आघाडी तिथवर पोहोचली तेव्हा आठव्या भारतीय डिव्हिजनमधले मराठा जवान त्या वाड्यात मुक्कामाला होते. लेखक एरिक लिंकलेटर आणि बीबीसीचे वार्ताहर वायनफर्ड वॉन-टॉमस तिथे गेले असताना भिंतींना टेकवून ठेवलेल्या चित्रांत त्यांना बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' दिसलं. उच्चेल्लोचं सान रोमानोच्या लढाईचं चित्रही तिथेच होतं. मग त्या खजिन्यावर पहारा बसला. भाले रोखलेल्या घोडेस्वारांचं पंधराव्या शतकातलं चित्र, आणि त्याच छपराखाली सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडून आलेली, बाहेर खऱ्या तोफांचे आवाज ऐकणारी मुलं. आज उफित्सी संग्रहालयात 'प्रिमावेरा'समोर मोबाइल उंचावून उभ्या राहणाऱ्या गर्दीत पुण्या-मुंबईची माणसं भरपूर असतात. क्लार्कच्या नावाला रस्ता मिळाला. वाड्यातल्या पहारेकऱ्यांची नावं तिथे कुणी विचारत नाही.

*

पेरुजाहून निघणारा ई-४५ महामार्ग टायबरच्या काठाने वर जातो आणि अपेनाइन ओलांडून पलीकडे चेसेनापाशी उतरतो. आम्ही एक दिवस काढून त्याच रस्त्याने फोर्लीला गेलो.

पलीकडचा मुलूख सपाट आहे. पीचच्या बागा, द्राक्षवेली, कालवे. सेनिओ नावाची नदी नकाशावर बोटभर आणि प्रत्यक्षात ओढ्याएवढी. पण पूर येऊ नये म्हणून दोन्ही काठांवर मातीचे उंच बांध घातलेले. १९४४-४५चा हिवाळा दोन्ही सैन्यांनी या बांधांच्या आडोशाने काढला. ९ एप्रिल १९४५ला आठव्या भारतीय डिव्हिजनने नदी ओलांडली. पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्ये होते. पलीकडच्या काठावर तीन मशीनगनांच्या माऱ्यात त्यांचे कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले, बाकीचे सोबती मेले. जाधवांनी एका जखमीला पाठीवर घेऊन खोल पाणी, चढा बांध आणि सुरुंगांचा पट्टा पार केला. परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा गेले ते मशीनगनांवर. हाताला गोळी लागून बंदूक धरवेना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. तिन्ही मोर्चे गप्प केल्यावर बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभं राहून त्यांनी मराठा पलटणीची शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची रणगर्जना दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे हे जाधव जगले आणि १९८४ साली वारले. सैन्याच्या नोंदींप्रमाणे घाडगे जन्मले १६ नोव्हेंबर १९२१ला आणि जाधव १८ नोव्हेंबर १९२१ला. दोनच दिवसांचं अंतर.

त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनमधल्या अली हैदर या कोहाटच्या पठाण शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सव्वादोन वर्षांत संगमनेर आणि कोहाट दोन वेगळ्या देशांत गेले.

शिवाजी महाराजांच्या नावाने दिलेली ती गर्जना इंग्रज राजाच्या सैन्यात दिली गेली होती, हे सेनिओच्या बांधावर उभं राहिल्यावर टाळता येत नाही. याच वर्षांत, १९४३पासून, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी लुटली जात होती, गावागावात इंग्रजांच्या न्यायाऐवजी लोकांचा न्याय होत होता. मराठा पलटणीची भरती होत असे ती याच टापूत. एका भावकीतला एक मुलगा तुफान सेनेत आणि दुसरा इटलीत, हे त्या काळात अशक्य नव्हतं. आपल्या शालेय इतिहासाने पहिल्याला धडा दिला आणि दुसऱ्याला पुतळा. दोघांना एका पानावर कसं आणायचं, हे आपल्याला अजून साधलेलं नाही.

मला वाटतं, म्हणूनच आपण या माणसांना 'वीर' म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो. वीर म्हटलं की बाकीचे प्रश्न विचारावे लागत नाहीत. कोरडवाहू शेती किंवा कोकणातलं एका पिकाचं भात, घरात खाणारी तोंडं आठ, मग मुंबईची गिरणी नाहीतर पलटण, हे अर्थकारण त्या शब्दात येत नाही. आपल्या देशात लोक स्वातंत्र्य मागत असताना यांनी दुसऱ्या देशाला स्वातंत्र्य मिळवून दिलं, हा पेचही येत नाही. तो पेच आहे म्हणून त्यांचं धैर्य उणं होत नाही. फॅसिझम आणि नाझीवाद हरायलाच हवे होते आणि ते हरवण्यात या मुलांचा वाटा खरा आहे. पण नुसता अभिमान बाळगणं सोपं, आणि 'इंग्रजांचे भाडोत्री' म्हणून झटकून टाकणं त्याहून सोपं. यापैकी कुठलीच सोपी वाट त्या बांधावर उभं असताना मला घेता आली नाही.

*

फोर्लीची भारतीय सैन्याची दफनभूमी शहराच्या कडेला आहे. दुपारी आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. दहन-स्मारकावर जवळजवळ आठशे नावं आहेत. आम्ही मराठा लाइट इन्फंट्रीच्या पाटीपाशी उभे राहून एकेक नाव मोठ्याने वाचत गेलो. शिंदे, मोरे, जाधव. रोमन लिपीत, इंग्रज कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली. काही नावं दोनदा म्हटल्यावरच कळली, लिपीतून सोडवून मराठी करावी लागली. बायको म्हणाली, "ही हाक मारल्यासारखी झाली." मी काही बोललो नाही.

ही नावं शोधायला फोर्लीलाच जायला हवं असं नाही. युद्धसमाधी आयोगाची सूची संगणकावर सगळ्यांना खुली आहे. पुष्कळ नावांपुढे बापाचं नाव, बायकोचं नाव आणि गाव आहे. जिल्हे जुन्या नावांनी आहेत, त्यामुळे रायगड शोधणाऱ्याने कुलाबा शोधायला हवं. आपलं गाव, आजोळ, शेजारचं गाव घालून बघावं. आणि कुणी तस्कनी-उंब्रियाच्या सहलीला निघालं असेल, तर एक दुपार फोर्लीसाठी ठेवावी आणि नावं नीट उच्चारून वाचावीत. तिथे रोज येणाऱ्या माळ्याला ते जमणार नाही, आपल्याला जमतं.

परत आल्यावर गणपतीला कोकणात निघालो. माणगावला नेहमीप्रमाणे गाडी अडकली. मी बायकोला स्टिअरिंगवर बसवून उतरलो आणि तहसील कचेरीपर्यंत चालत गेलो. दाखले आणि सातबारा घ्यायला आलेल्या लोकांची वर्दळ होती. पुतळ्याकडे कुणी बघत नव्हतं, मीही वीस वर्षं बघितलं नव्हतं. पाच मिनिटं उभा राहिलो. मोन्तोनेतून दिसणारं ते खोरं, टेकड्या आणि खालची तंबाखूची शेतं डोळ्यांसमोर आणली. मग फोन वाजला, रांग पुढे सरकली होती.